उलटा सदरा

मित्रांनो, मी एक जुना सुती सदरा आहे. मला पाहून तुम्ही हसाल, कारण पुढे पुढे मला उलटेच घालत. शिवणी बाहेर, गुळगुळीत बाजू आत.

मी मूळचा एका घड्याळजीचा. भर उन्हाळ्यातही तो माझ्या बाह्यांची बटणे काढत नसे. टेबलावर कोपरे टेकून, डोळ्याला भिंग लावून तो बसे आणि संध्याकाळी माझ्या बाह्यांत रक्ताचे ठिपके नि पांढरा कोंडा उरे. "टेबल घासतं, दुसरं काय!" असे तो बायकोला सांगे. ती बिचारी डाग चोळत बसे.

विरून मी मऊसूत झालो, तेव्हा तिने मला कापून लेकीसाठी बेतले. पोरीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर लालभडक चट्टे उठले होते. नवे कापड तिला टोचे, शिवण चावे. म्हणून मी उलटा. तिच्या अंगावर चढलो आणि चरकलोच. ही कातडी माझ्या ओळखीची होती!

आजी मात्र सुनेवर घसरे. "आमच्या घराण्यात असलं काही नाही बाई! पोटुशी असताना काय काय खाल्लंस, तुलाच ठाऊक."

डॉक्टरांनी विचारले, "घरात कुणाला असं आहे का? रक्तातून आलेलं असेल तर औषध वेगळं द्यावं लागेल."

घड्याळजीने बाहीचे बटण चाचपले. "छे, कुणालाच नाही."

मग नायट्याचे मलम आले. चट्टे पसरले. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना. देवाने मला दोन बाह्या दिल्या, तोंड दिले नाही. ज्याला दिले, त्याने ते मिटून घेतले.

एका दुपारी पोर डबा घेऊन दुकानात आली. उकाड्याने बापाने बाह्या वर सारल्या होत्या.

"बाबा, तुम्हाला पण?"

त्याने झटकन बाही ओढली. "अगं, टेबल घासतं."

"मग मला कुठलं टेबल घासलं?"

त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावले. भिंतीवरची घड्याळे तेवढी बोलत राहिली.

आता मी तिला आखूड झालो. घडी होऊन बापाच्या कोपराखाली पडलो आहे, टेबल घासू नये म्हणून! आजी अजून सुनेलाच बोलते. आणि पोर? तिने घरी चकार शब्द काढला नाही. तीही आता पूर्ण बाह्यांचे कपडे मागते, बटणे स्वतः लावते.

मित्रांनो, या चिंधीला जपू नका. पण उद्या तुमची लेकरे डॉक्टरांपुढे बसतील, तेव्हा आधी आपल्या बाह्यांची बटणे काढा.