कोटाच्या बटणाएवढा फुगा

तेवीस मिलिमीटर. म्हणजे कोटाचं पुढचं बटण. तीस वर्षं कोट बेततेय मी, मला माप समजवायला कुणी लागत नाही.

मुतखड्यासाठी पोटाचं स्कॅन केलं, तर खडा राहिला बाजूला आणि प्लीहेकडे जाणाऱ्या धमनीला हा फुगा सापडला. दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या, पण बोलल्या सरळ. "मावशी, दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला की भरवसा नाही. फुटला तर पोटात रक्त साचतं. इथवर पोचायला वेळ मिळेलच असं नाही."

घरी सांगितलं आणि पस्तावले. दादा हात धुऊन मागे लागला. इस्त्री उचलू नकोस, वाकू नकोस, जोरात शिंकू नकोस. माझी बेतायची मोठी कात्री त्याने कपाटावर नेऊन ठेवली. मी जिना चढताना वहिनी श्वास रोखून उभी. डोकं सटकायचं माझं. आणि इलाजाची, म्हणजे फुगा आतून तारेने भरून टाकायची, तारीख मिळाली, तेव्हा हाच दादा म्हणतो, "दुखत नाही ना? मग कशाला उगाच पोटात तारा घालून घ्यायच्या?"

"म्हणजे शिंकायचं नाही आणि इलाजही करायचा नाही. मग करू काय, शोकेसमध्ये बसू?"

"इलाजातच काही झालं तर?"

होऊ शकतं. प्लीहेचा थोडा भाग रक्तावाचून मरू शकतो, ताप येतो, क्वचित पोट उघडावंही लागतं. डॉक्टरीणबाईंनी यातलं काही लपवलं नव्हतं. पण नुसतं बसून राहण्यातही धोका होता, आणि तो जास्त होता. हे त्याच्या डोक्यात शिरेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात जेवणाच्या सुट्टीत मी अस्तराच्या कापडाची एक नळी शिवली, तिच्या कुशीला बटणाएवढी पिशवी. नळीच्या तोंडातून दोरा सारत सारत पिशवी ठासून भरली आणि संध्याकाळी घरी दादापुढे ठेवली.

"ही धमनी, हा फुगा. जांघेतून बारीक नळी वर नेतात आणि तारेची वेटोळी फुग्यात अशी भरतात. रक्त आत शिरलंच नाही तर फुटेल कशाने?"

"कापडाचं वेगळं, माणसाचं वेगळं," म्हणाला आणि उठून गेला.

ठरल्या दिवशी आला मात्र बरोबर. हॉस्पिटलच्या खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म सरकवला. "नातेवाइकाची सही."

दादाने हात खिशात घातले. "मी करणार नाही."

कारकुनाने फॉर्म परत ओढला. मी वरून हात ठेवला.

"पोट कुणाचं आहे?"

कारकुनाने दादाकडे पाहिलं.

"माझं ना? मग सही माझी."

डॉक्टरीणबाई मागेच उभ्या होत्या. "त्या शुद्धीत आहेत, त्यांचीच सही लागते. खालची ओळ साक्षीदाराची. ती सिस्टर करतील."

चांगली ठसठशीत सही ठोकली. पर्समधून आणलेली कापडाची ती पिशवी दादाच्या हातात कोंबली आणि आत गेले.

भीती वाटली का? चांगलीच वाटली. जागी होते, जांघ तेवढी बधिर केलेली. पडद्यावर माझीच धमनी दिसत होती. मग कपाटावरची कात्री आठवली. असा राग आला की भीती मागे पडली.

फुगा भरून झाल्यावर बाहेर आणलं तेव्हा दादा बाकावर बसला होता. डोळे लाल, पिशवी चुरगळून चोळामोळा झालेली.

"दोन तास ओढतोय," तो म्हणाला. "दोराही निघत नाही, शिवणही उसवत नाही."

"शिवण कुणाची आहे?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "कात्री खाली काढून ठेवतो. पण आठवडाभर जड उचलायचं नाही म्हणालेत."

"नाही उचलणार. पण माझ्या हाताशी ठेव."