एकसष्टावर थांबलेला लाल खांब

ऐका, ऐका! मी बोलतेय, इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमधली काचेची नळी. जाडीला पेन्सिलीहून बारीक, उंचीला तुमच्या मधल्या बोटाहून थोडी जास्त, बूड सपाट आणि अंगावर खालून वर मोजलेल्या शंभर बारीक रेघा. दिसायला मी काही खास नाही, हे मलाही माहीत आहे. पण एका तरण्याताठ्या पोराला मी मरणाच्या दारातून परत आणलंय, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. भट्टीतून निघाले, अंगावर रेघा कोरून घेतल्या, भुशाच्या खोक्यात पाच बहिणींबरोबर झोपले आणि जाग आली ती थेट इंदूरच्या एका कापड गिरणीच्या दवाखान्यात. तिथे बाबूराव नावाचे कंपाउंडर होते. त्यांनी मला उजेडात धरलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "चला, लागा कामाला!"

काम काय, तर माझ्यात रक्त भरायचं आणि मला एका गरगर फिरणाऱ्या यंत्रात अर्धा तास फिरवायचं. ती फेरी मला इतकी आवडते म्हणून सांगू! जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. बाहेर येईपर्यंत रक्ताचे थर वेगळे झालेले असतात. खाली लाल पेशींचा घट्ट खांब, त्यावर पांढुरकी बारीक रेघ आणि सगळ्यात वर पिवळसर पाणी. शंभरातल्या कितव्या रेघेपर्यंत लाल खांब पोचला, तेवढं बाबूराव रजिस्टरात लिहीत.

गिरणीतल्या माणसांचे खांब फार बुटके असायचे हो! अठ्ठावीस, तीस, एकतीस. माणसं उभ्या उभ्या चक्कर येऊन पडत. बाबूरावांनी माझ्या लाकडी स्टँडवर छत्तीसच्या उंचीला हिरवी रेघ मारली होती. खांब त्याखाली असला की लोहाच्या गोळ्या आणि डॉक्टरांकडे चिठ्ठी. वर असला की माणूस परत खात्यात. साँचे खात्यातले, म्हणजे विणाई विभागातले पांडुरंग एकदा चालू मागावरच कोसळले, तेव्हा त्यांचा खांब होता सव्वीस. तीन महिने गोळ्या खाऊन तो अडतिसावर गेला, त्या दिवशी बाबूरावांनी अख्ख्या दवाखान्याला कचोऱ्या चारल्या! तेव्हापासून माझ्याही मनाने एकच धरलं होतं. खांब जितका उंच, तितका आनंद मोठा.

मग एका सकाळी गिरणीचा भोंगा वाजलाच नाही. फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच. दवाखान्याचं सामान निघालं, तेव्हा बाबूरावांनी आम्हा सहा नळ्या, स्टँड आणि फिरतं यंत्र मागून घेतलं आणि परदेशीपुऱ्याच्या गल्लीत लॅब थाटली. मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर वसुधा यायच्या, काचपट्ट्या तपासायच्या, रजिस्टरावर सही करायच्या. मॅडमची सही झाल्याशिवाय एकही नळी धुवायची नाही, हा बाबूरावांचा कडक नियम होता. तो नियम नसता तर आज मी काय सांगत बसले असते कोण जाणे.

पांडुरंग आता विजय नगरात एका नव्या चकचकीत इमारतीवर चौकीदार झाले होते. त्यांचा मुलगा धनेश चोवीस वर्षांचा. आमच्या गल्लीतल्या जुन्या आखाड्याचं तोवर जिम झालं होतं. मातीवर फरशी आली, भिंतींना आरसे लागले, परदेशी पावडरचे डबे आले. मोहन उस्ताद तिथला कर्ताकरविता. धनेशचे दंड दोन वर्षांत असे फुगले की शर्टाच्या बाह्या उसवायला लागल्या. 'मालवा श्री'ची शरीरसौष्ठव स्पर्धा रविवारी होती, आणि जो जिंकेल त्याला विजय नगरच्या एसी जिममध्ये कोचची नोकरी मिळणार होती. ती इमारत तीच, जिच्या दारात त्याचे वडील उभे असायचे.

स्पर्धेआधीच्या गुरुवारी बापलेक लॅबमध्ये आले.

"काकाजी, आई बोल्ली खून दाखवून ये," धनेश म्हणाला. आमच्या इंदुरी बोलीत खून म्हणजे रक्त, घाबरू नका. "दोन हफ्त्यांपासून डोकं दुखून राहिलंय. मधेच अंधारी येते."

"बापावर गेला असेल," बाबूराव म्हणाले. "आण हात इकडे."

रक्त माझ्यात भरताना मला जरा जड वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पाळण्यात बसले आणि विसरले. आणि बाहेर आले तर काय! खांब चाळीस ओलांडून गेला, पन्नास ओलांडून गेला आणि एकसष्टावर जाऊन थांबला! इतका उंच खांब मी जन्मात पोटात धरला नव्हता. मला तर नाचावंसं वाटलं!

"अरे भिया, क्या बात है!" बाबूराव ओरडलेच. "पांडुरंग, इकडे ये! एकसष्ट! तुझ्या दुपटीहून जास्त!"

पांडुरंगांनी माझ्या काचेवरून हळूच बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "हे सगळं माझ्या पोराचं?"

"दूध-केळ्यांचा असर!" बाबूरावांनी धनेशच्या पाठीत थाप मारली. "डोकं उन्हाने दुखत असेल. जा, मार मैदान!"

धनेश हसला खरा, पण खाली बघून हसला. आम्हा तिघांच्या आनंदात ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी मॅडम आल्या. सह्या करता करता त्यांचा पेन थांबला.

"बाबूराव, हा एकसष्ट कुणाचा?"

"पांडुरंगच्या पोराचा, मॅडम. फर्स्ट क्लास आहे ना!"

"नळी धुतली का?"

मी स्टँडवरच होते, काठोकाठ मिरवत. मॅडमनी मला उजेडात धरलं, परत एकदा यंत्रात फिरवायला लावलं. खांब एका रेघेनेही खाली सरकला नाही.

"करतो काय हा मुलगा?"

"बॉडी बनवतो. परवा मालवा श्रीमध्ये उतरून राहिलाय."

मॅडमनी चष्मा काढला. "इंजेक्शनं घेत असणार. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड. बाबूराव, त्याने स्नायू फुगतात ते सगळ्या गावाला दिसतात. पण लाल पेशीही वाढत जातात, रक्त दाट होतं, आणि ते आरशात दिसत नाही. अशा रक्ताची मेंदूत गुठळी झाली तर चोविसाव्या वर्षी अर्धं अंग लुळं पडेल, नाहीतर जीव जाईल. त्यात स्टेजवर नसा दिसाव्यात म्हणून ही मुलं दोन-दोन दिवस पाणी सोडतात. याने सोडलं असेल तर रक्त आणखी दाटत असेल, आत्ता या घडीला!"

बाबूरावांनी रजिस्टरातल्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. "मी तर त्याची पाठ थोपटली, मॅडम."

माझी काय अवस्था झाली असेल! ज्याला मी जन्मभर सुख समजत आले, ते पोटात घेऊन मी दिवसभर मिरवत होते. फुटून जावंसं वाटलं मला. पण बाबूराव कामाला लागले. त्यांनी स्वतःच्या दंडाला रबरी पट्टी बांधली, स्वतःचं रक्त काढलं आणि माझ्या धाकट्या बहिणीत भरून फिरवायला लावलं. तो अर्धा तास मॅडम येरझाऱ्या घालत होत्या. बहीण बाहेर आली ती बेचाळीस घेऊन. बाबूरावांनी आम्हा दोघींना रबरी टोप्या घातल्या, शर्टाच्या खिशात उभं केलं आणि मॅडमच्या कायनेटिक स्कूटरवर मागे बसले.

गिरणीतून आले त्यानंतर मी बाहेरचं जग पाहिलंच नव्हतं! हॉर्न, टेम्पो, गल्लीतले खड्डे! प्रत्येक खड्ड्याला बाबूराव खिसा घट्ट दाबून धरत आणि मी बहिणीला म्हणत होते, सांभाळ गं, आज फुटायचं नाही!

जिममध्ये धनेश आरशासमोर उभा होता. ओठ कोरडे, चेहरा लालभडक. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कधी प्यायलास?"

"कालपासून बंद आहे, मॅडमजी."

मोहन उस्ताद मधे आला. "परवा स्टेज आहे. आज पोराचा दिमाग नका खराब करू. बारा वर्षांपासून घेऊन राहिलोय मी, मला काही झालं?"

"तुम्ही कधी रक्त तपासलंत?"

"शेराचं खून कोण तपासतं!" तो हसला, पण एकटाच.

धनेश बाबूरावांकडे वळला. "काकाजी, काल तर आपणच बोल्ले, मार मैदान."

"बोल्लो, बेटा. चूक झाली माझी." बाबूरावांनी आम्हाला खिशातून बाहेर काढलं. "तीस वर्षं मी खून कमीच पाहिलं. ज्यादा झालं तर माणूस जातो, हे मला ठाऊकच नव्हतं. आज मॅडमनी सांगितलं, तसाच धावत आलो."

आणि त्यांनी आम्हा दोघींना खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरलं. बहिणीच्या अंगात निम्म्याहून जास्त पिवळं पाणी होतं. माझ्यात निम्म्याहून कितीतरी वर लालच लाल.

"हे तुझं," बाबूराव म्हणाले. "आणि हे माझं, आत्ता काढलेलं." त्यांच्या दंडावर कापसाचा बोळा अजून चिकटलेला होता.

धनेशने दोन्ही खांबांवरून नजर फिरवली. मग हळू आवाजात म्हणाला, "नोकरी जाईल, मॅडम. बाबा त्या बिल्डिंगच्या बाहेर उभे राहतात. मला आत उभं राहायचं होतं."

"नोकरी मी नाही देऊ शकत," मॅडम म्हणाल्या. "पण आता पाणी पी आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चल. तुझ्या बाबांना तू घरी परत यायला हवा आहेस."

बाबूरावांनी माठातून ग्लास भरून आणला. धनेशने तो हातात धरला. त्याने एकदा आरशात पाहिलं, एकदा उस्तादाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पी रे, पी ना! मी काचेतल्या काचेत ओरडत होते. ग्लास ओठांपाशी गेला, थांबला, आणि मग त्याने एका दमात रिकामा केला! बाबूरावांनी दुसरा भरला. तोही गेला! मला वाटतं, त्या दिवशी इंदूरमध्ये माझ्याइतकं खूश कुणी नसेल.

पुढे सगळं गोडच झालं असं समजू नका. दवाखान्यात त्याचं एक बाटलीभर रक्त काढून टाकलं. इतर तपासण्यांत लिव्हर थकलेलं निघालं, चांगलं कोलेस्टेरॉल अगदी तळाला गेलेलं. मालवा श्री दुसराच कुणी झाला आणि एसी जिमची नोकरी त्यालाच मिळाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शनं बंद झाली, तसे दंड उतरले आणि मनही उतरलं. महिनोन् महिने तो कुणाशी बोलत नव्हता. मॅडमनी त्यावरही उपचार करवले, कारण ही औषधं सुटली की असं होतं, म्हणाल्या, त्यात लाजायचं काही नाही.

पांडुरंग दर महिन्याला त्याला घेऊन लॅबमध्ये यायचे आणि रिपोर्ट होईपर्यंत बाकावरून हलायचे नाहीत. छप्पन्न. बावन्न. एकोणपन्नास. खांब खाली येताना मी किती आतुर असायचे! शेवटी सेहेचाळीस आला, तेव्हा बाबूरावांनी स्टँडवर बावन्नच्या उंचीला एक लाल रेघ मारली, खांब त्यावर गेला की थेट मॅडमकडे. मग धनेशच जिममधल्या इतर पोरांना पकडून आणायला लागला. कुणाचा खांब ठीक निघायचा पण लिव्हर बिघडलेलं, कुणाचं उलट. सगळेच अंगाने पैलवान दिसायचे. आता तो एका कुरिअर कंपनीत आहे आणि सकाळी पोरांना कसरत शिकवतो, विनासुईची.

मी मात्र म्हातारी झाले. मागच्या वर्षी लॅबमध्ये नवं यंत्र आलं. थेंबभर रक्त घेतं आणि मिनिटात कागद हातात देतं. मी खिडकीतल्या स्टँडवर उभी असते. काठाला टवका गेलाय, वरच्या रेघा पुसट झाल्यात. पण आज काय झालं माहीत आहे? नवं यंत्र दुरुस्तीला गेलंय, आणि सकाळीच धनेश एका माणसाला दंडाला धरून घेऊन आला. मोहन उस्ताद! परवा तासभर त्याचा डावा हात बधिर झाला होता, धनेशने त्याला आधी दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून आणायला सांगितलं. शेकडो पोरांना सुया टोचणारा हा गडी, स्वतःला सुई लागताना डोळे मिटून धनेशचा हात धरून बसला होता!

"कितना निकलेगा, काकाजी?" त्याने विचारलं.

"घाबरू नको. अर्ध्या तासात कळेल," बाबूराव म्हणाले.

त्याचं रक्त आता माझ्यात आहे. बाबूरावांनी फिरत्या यंत्राचं झाकण लावलंय, हात बटणाकडे चाललाय, मला निघायला हवं. तुमच्यापैकी कुणी ती इंजेक्शनं, त्या गोळ्या घेत असेल, तर मी रागावणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. पण अंग छान दिसतंय म्हणून आतलं ठीक आहे असं धरून चालू नका, एकदा दाखवून जा. बाहेरच्या बाकावर धनेश आणि मोहन बसलेत, आणि त्यांच्याशेजारी अजून एका माणसाची जागा आहे.