मुशीच्या तेलाचा पंखा

मी पंखा बोलतोय. छताचा नव्हे, विमानाच्या नाकावरचा, लाकडी. शपथेवर सांगतो, यातलं एक अक्षर खोटं नाही. मी कुवेतच्या लढाऊ विमानावर होतो. म्हणजे, लढाऊ असं नव्हतं ते; दोन माणसांचं, वाळवंटावर टेहळणी करणारं. आवाज मात्र लढाऊच.

मला हाताने फिरवून इंजिन सुरू करायचं काम हारूनचं. तो रत्नागिरीकडचा, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातला. रोज सकाळी माझ्या कडेवरून तळवा फिरवी. वाळूने टवका उडाला असेल तर डोळ्यांआधी हाताला कळे. एकदा मी फार सुकलो म्हणून त्याने मला होडीसारखं मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडलं. मी फिरलो, सगळं तेल पुढच्या काचेवर. वैमानिक उतरला तो नाक धरून. आठवडाभर गावची मांजरं माझ्याखाली बसून होती.

एकसष्टच्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला आणि बाहेरची जेट लढाऊ विमानं उतरली. मग आमच्याकडेही जेट आलं. मला काढून भिंतीला टेकवलं. स्वस्थ बसणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. उभ्याउभ्या अंग शिवशिवायचं.

साहेब हारूनला म्हणाले, "जेटवर जमलं तर राहा. नाहीतर महिनाअखेर दुसरीकडे बघ."

त्याचा गाववाला इद्रीस हसला. "हारूनभाय, याला नाकच नाय. हात कुठं लावणार?"

"नाक नाय, तोंड तर हाय," म्हणत हारूनने जेटच्या हवा ओढणाऱ्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला आणि कडा चाचपल्या. आत कुणीतरी विसरलेला पाना. इंजिन सुरू झालं असतं तर विमानाचा चुरा. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे कायम केलं.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण शपथ घेऊन बसलोय. पाना मी रचला. हारूनच्या हाताला काहीच लागलं नाही. साहेब म्हणाले, "तपासणीचा कागद वाचता येतो का?" हारूनला वाचता येत नव्हतं.

आता तो कुवेतमध्येच, राई भागातल्या गॅरेजात ट्रक दुरुस्त करतो. भंगारात निघालेल्या मला त्यानेच मागून आणलं, भिंतीवर आडवं ठोकलं. दारातून वारा आला की मी खिळ्याशी झटतो. वाऱ्या, बाबा, एकदा ढकल ना, अर्धा फेरा तरी.

डोक्यावरून जेट गेलं की हारून हातातलं काम खाली ठेवतो आणि माझ्या कडेवरून तळवा फिरवतो. तळव्याला ट्रकचं तेल लागलेलं असतं. हे मात्र रचलेलं नाही. वास घेऊन बघा.