कानात बिल्ला नसलेले लाभार्थी

मापकाकांना राग यायला कारण लागत नसे, पण आलेल्या रागाला पुरावा मात्र लागे. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात तपासनीस म्हणून काढलेली. दुकानदारानं पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक त्यांना उंबऱ्यावरूनच दिसायचं म्हणे. निवृत्त होऊन त्यांनी रानाच्या कडेला तीन एकर जमीन घेतली, तेव्हा ओळखीच्यांना वाटलं, आता गडी थंड होईल. पण राग पेन्शनसारखा असतो, पत्ता बदलला तरी घरपोच येतो.

शेत दिसायला साधंच. घरामागे काकूंची फळबाग. चाळीसेक झाडं, बहुतेक नासपतीची, थोडी अंजिरं. सगळी कलमं काकूंनी स्वतःच्या हातानं बांधून बारा वर्षांत वाढवलेली. बाग संपली की रानाच्या हद्दीपर्यंत अर्ध्या एकराची एक पट्टी, आणि शेताची सगळी अक्कल त्या पट्टीत होती. तिच्यात ओट, मोहरी, वाटाणा पेरलेला असे. तोही तीन तुकड्यांत, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं, म्हणजे काही ना काही कायम कोवळं मिळावं. त्यातली एक शेंगही घरात येत नसे. ती सगळी हरणांची, सशांची आणि पाखरांची.

"पाहुण्याला ओसरीवर पोटभर वाढलं, की तो स्वयंपाकघरात डोकावत नाही," हे काकूंचं तत्त्व. ते इतकं खरं होतं, की बारा वर्षांत बागेतल्या एकाही झाडाच्या सालीला दात लागला नव्हता.

थंडी सरत आली असताना एका सकाळी जमिनीच्या पाहणीवर असलेल्या बाई मोबाईल घेऊन पट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या. वयानं लहान, आवाजानं गोड.

"काका, ही जमीन पडीक ना?"

"पडीक?" काकांनी चष्मा काढला. उतू जायच्या आधी ते चष्मा काढत.

"अर्ज आलाय. तीन वर्षं पडीक असेल तर शेजारच्याला वापरायला देता येते. त्यांना गाड्या लावायला हवीये."

शेजारी म्हणजे 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी लावलेल्या निवासाचा मालक. त्याच्या खोल्यांचे सज्जे नेमके याच पट्टीकडे उघडत. पाहुणे सकाळी चहाचा कप हातात धरून हरणांचे फोटो काढत आणि खाली लिहीत, 'स्वर्ग'. आता त्या स्वर्गावर मालकाला गाड्या लावायच्या होत्या.

"यात ओट आहे, मोहरी आहे, वाटाणा आहे," काका म्हणाले. प्रत्येक शब्द तोलून, पारडं जराही हलू न देता.

"काढणी कधी?"

"रोज."

"कोण करतं?"

"हरणं."

बाईंनी पडद्यावर बोट फिरवलं. "हरणं यादीत नाहीयेत. धान्य, भाजी, फळ, चारा आणि पडीक. पाचच आहेत."

"मग चारा लिहा."

"चारा लिहिलं की जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर मागतं."

"हरणाच्या कानात बिल्ला?"

"नसेल तर लाभार्थीची सही चालते. म्हणजे या पिकाचा ज्याला फायदा होतो, त्याची."

"ससा अंगठा लावेल. चालेल?"

"अंगठा बंद झाला, काका. सहीच पाहिजे." बाई हसल्या नाहीत, कारण त्या खरंच सांगत होत्या. "आणि पीक तरी कुठं दिसतंय? सगळं वीतभर खुडलेलं. फोटोत नुसतं गवत येतं. मी पंधरा दिवसांनी परत येते. उभं पीक दिसलं, तर वर बोलून बघते."

बाई गेल्या आणि काका घरात आले. पाण्याचा पेला त्यांनी असा ठेवला, की ओट्यावरच्या डब्यांनी दचकून झाकणं वाजवली.

"आयुष्यभर मी खोटी मापं पकडली, आणि आता माझंच शेत मापात बसत नाही! ज्याच्या सज्ज्यातून फुकट तमाशा चालतो, तो म्हणतो पडीक. आणि यांच्या यादीत हरीणच नाही! रान यांच्या नाकासमोर आहे, पण नाक यादीत नाही!"

"सरबत देऊ?" काकू म्हणाल्या.

"उभं पीक हवंय ना? दाखवतो उभं पीक!"

दुपारी काकांनी गोदामातली जाळी काढली. काकूंनी फडक्याला हात पुसले आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, कुठं निघालात?"

"पट्टीला कुंपण घालतोय. पंधरा दिवस कुणी तोंड लावायचं नाही. कंबरेएवढं वाढू दे. मग बघतो कोण पडीक म्हणतं."

"आणि खाणाऱ्यांनी काय करायचं? रानात पानगळ आहे."

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"पोटाला मुदत कळत नाही."

"तू मध्ये पडू नकोस. हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

काकांच्या संसारात तत्त्वाचा प्रश्न आला, की काकू भाजी निवडायला बसत. त्या बसल्या.

कुंपण असं झालं, की प्रदर्शनात ठेवावं. खांब ओळंब्यात, दोन खांबांतलं अंतर टेपनं मोजून दोन मीटर, ना बोटभर कमी, ना जास्त. नंतर रोज सकाळी काका फूटपट्टी घेऊन आत जात आणि तिथूनच घराकडे ओरडून कळवत, "मोहरी, सोळा इंच!" त्यांचा राग आणि मोहरी सारख्याच वेगानं वाढत होते. सहाव्या दिवशी कुंपणापाशी पाच हरणं येऊन उभी राहिली आणि जेवणाच्या पंगतीत पान न मांडलेल्या माणसासारखी आत बघत बसली. काकांनी तिकडे पाठ फिरवली. कर्तव्य करताना ओळख दाखवायची नाही, ही खात्याची जुनी शिस्त.

दहाव्या दिवशी "वाटाणा, दोन फूट!" अशी आरोळी देऊन काका परतले, तर काकू बागेत उभ्या होत्या. त्यांच्या हातात डहाळीचा एक तुकडा होता, टोकाशी चघळलेला.

अकरा झाडांचे कोवळे धुमारे गेले होते. ते परत फुटले असते. पण अगदी पुढच्या दोन नासपतींची साल सशांनी खोडाला गोल, बांगडीसारखी कुरतडली होती. साल अशी सगळीकडून गेली, की मुळांना वरून अन्न पोचत नाही आणि झाड उभ्या उभ्या मरतं. हे काकांनाही माहीत होतं. ही दोन काकूंची पहिली कलमं.

काका सवयीनं संतापले. "हे त्या शेजाऱ्यामुळं! हे त्या यादीमुळं! मी सोडणार नाही कुणाला..."

"कुंपण कुणी घातलं?" काकूंनी विचारलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. राग तसाच होता, फक्त त्याला जायला जागा राहिली नव्हती.

त्याच वेळी फाटकातून 'निसर्गाच्या कुशीत'चे मालक पळत आले. पायात एकच चप्पल.

"काका, तुमची हरणं!"

"माझी? कानात बिल्ला बघितला?"

"अहो, माझे गुलाब खाल्ले! मुळापर्यंत! पाहुण्यांसाठी लावलेली हिरवळ खाल्ली! आणि सज्ज्यातून दिसतं काय, तर जाळी! लोक विचारतात, प्राणी कुठंयत? दोघं तर बॅगा घेऊन निघून गेले. ती जाळी काढा ना, हात जोडतो!"

"का काढू? पडीक जमिनीला जाळी लावली काय, न लावली काय. गाड्या लावा की तुम्ही तिथं."

"ते... अर्ज म्हणजे एक विचार होता."

"विचार लेखी असतो का?"

"मागे घेतो. लेखी. पण जाळी!"

काका आणखी बराच वेळ बोलले असते. चौतीस वर्षांचा साठा होता आणि असा सापडलेला आरोपी रोज मिळत नाही. पण काकूंनी पक्कड आणून त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "आधी जाळी. मग भांडण."

पाहणीच्या बाई ठरल्या दिवशी आल्या, तेव्हा पट्टी परत वीतभर झाली होती आणि मधोमध तीन हरणं बाईंकडे पाठ करून जेवत होती.

"अरे! काका, उभं पीक दाखवणार होतात ना?"

"दाखवलं असतं. त्याची किंमत बागेत जाऊन बघा," काका म्हणाले. "आता चारा लिहा. आणि लाभार्थी आलाय सही करायला."

निवासाच्या मालकांनी आधी अर्ज मागे घेतल्याचं पत्र दिलं. मग मोबाईलच्या पडद्यावर बोटानं सही केली. सहीच्या वर छापलेलं होतं, 'या चाऱ्यावर माझा निर्वाह चालतो.' ते त्यांनी दोनदा वाचलं. बाईंनी बटण दाबलं. टिंग वाजलं. पाठमोऱ्या हरणांपैकी एकानं कान हलवला.

"झालं, काका. तुम्ही जिंकलात."

"काय जिंकलो?" काका कडाडले. "माझं माझ्याकडंच राहिलं, याला जिंकणं म्हणतात तुमच्यात? आणि यादीत हरीण अजून नाहीच!"

"तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे," बाई गोड आवाजात म्हणाल्या आणि पुढच्या शेताकडे गेल्या.

काका तरातरा बागेत आले. काकू पहिल्या नासपतीपुढे पाटावर बसल्या होत्या. शेजारी ओल्या फडक्यात त्याच झाडाच्या बारीक काड्या, धारदार चाकू आणि मेण. जखमेच्या खालची साल आणि वरची साल काड्यांनी जोडायची. त्या जगल्या, तर अन्न त्यांच्यातून पूल ओलांडतं. कधी जगतात, कधी नाही.

"जखम केवढी आहे, मोजा," काकू म्हणाल्या. "काडी तिच्यापेक्षा अर्धा इंच लांब हवी. कमान राहिली पाहिजे."

काकांनी फूटपट्टी लावली. "सव्वाचार. आणि ती बाई म्हणते, वेगळा फॉर्म! म्हणजे आता मी सशांच्या वतीनं..."

"हात हलतोय."

"रागानं हलतोय!"

"मग राग बाजूला ठेवा आणि काडी धरा. अजून सहा लावायच्यात."

काकांनी श्वास रोखून काडी धरली. चाकूचं पातं सालीखाली सरकलं. हात हलला नाही.