बहार सिनेमाचं कार्ड

भाजी चिरायची सुरी पिशवीत टाकली, तेव्हाच मुअत्तर-ओपाचं, मोहल्ल्याच्या या थोरल्या ताईचं, ठरलं होतं.

काल कोपऱ्यावरचा दुकानदार सोबिर-अका तिला म्हणाला होता, "ओपा, तुमच्या दुरुस्तीतून रोज ट्रक भरभरून राडारोडा निघतोय. कसली म्हणायची ही दुरुस्ती?" 'तुमच्या'वर त्याने असा जोर दिला की तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? भिंतीची दुरुस्तीच होतेय म्हणून अख्ख्या मोहल्ल्याला तिनेच गप्प बसवलं होतं.

भिंत बहार सिनेमाची. ताश्कंदच्या भूकंपानंतर काँक्रीटचं ते थिएटर उभं राहिलं आणि दर्शनी भिंतीवर फरशीच्या तुकड्यांचं डाळिंबाचं झाड करायचं काम तरण्या मुअत्तरकडे आलं. निम्म्यातच तुकडे संपले. मग मोहल्ल्यातल्या बायकांनी भूकंपात फुटलेल्या चहाच्या वाट्या, किटल्या, ताटल्या आणून दिल्या. फुटकं भांडं घरात ठेवायचं नाही अशी रीत, आणि टाकवतही नव्हतं. मुअत्तरच्या आईची निळी किटली झाडाच्या बुंध्यात बसली. आई गेली, तरी बाजारात जाता-येता मुअत्तर त्या बुंध्याला हात लावायची.

यंदा भिंत फोडणार अशी कुणकुण लागली, तशी माणसं भिंतीपुढे खुर्च्या टाकून बसली. तेव्हा त्या कामावरचा इल्होम इंजिनियर मुअत्तरच्या घरी आला. पुलाव चाटूनपुसून खाल्ला, "दुरुस्त करतोय ओपा, फोडतोय कुठे," म्हणाला. मग कपाटातलं बहार सिनेमाचं जुनं पोस्टकार्ड हातात घेऊन म्हणाला, "काय सुंदर आहे हो." झालं. पाहुण्याने वाखाणलेली वस्तू आपल्याकडे ठेवायची नाही, ही आईची शिकवण. एकुलतं एक कार्ड तिने रुमालात गुंडाळून त्याला दिलं. दुसऱ्या दिवशी खुर्च्याही तिनेच उचलायला लावल्या.

लगेच परांचीवर भलंमोठं कापड चढलं. त्यावर तेच कार्ड, भिंतीएवढं छापलेलं. तेच आकाश, तेच डाळिंब. लोक पुढे उभं राहून फोटो काढायचे आणि ही बया मिरवायची, माझं कार्ड म्हणून. मेल्या इल्होमने तिचंच कार्ड घेऊन तिच्याच डोळ्यांत धूळ फेकली होती.

आज तिने सुरीने दोऱ्या कापल्या. रखवालदार धावत आला, पण सुरी बघून लांबच थांबला. कापड एका अंगाने खाली आलं. मागे नुसतं नवं सिमेंट. डाळिंबं नाहीत, बुंधा नाही, किटली नाही. सोबिर-अका आणि बायका जमल्या होत्या. कुणी भिंतीकडे बघत नव्हतं, सगळे तिच्याकडे बघत होते.

कुणीतरी फोन केला असावा. इल्होम आला तो मान खाली घालूनच.

"ओपा, वरून हुकूम होता. माझ्या हातात काही नव्हतं."

"माझा पुलाव खाताना होता हुकूम?"

"होता," तो म्हणाला. त्याने गाडीतून तिचाच रुमाल काढून पुढे केला. "हे कार्ड तरी परत घ्या."

तिला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. रुमालाला तिने बोटही लावलं नाही.

"दिलेली वस्तू आमच्यात परत घेत नाहीत. कार्ड तुला दिलं होतं, ठेव," ती म्हणाली. "भिंत दिली नव्हती. ती आण."