पूर्वजांमार्फत

सासू आणि जावयाने एकमेकांशी बोलायचं नाही, तोंडाकडे पाहायचं नाही, जवळ उभं राहायचं नाही, हा त्या आदिवासींच्या कातळमुलखातला नियम तिथल्या खडकांवरच्या चित्रांइतकाच जुना आहे. त्यामुळे किती संसार टिकले याची गणती कोणी केलेली नाही. कॉनरॅडचीही कधी तक्रार नव्हती. ती आज निर्माण झाली.

तो राष्ट्रीय उद्यानात रेंजर. बारामुंडी माशाच्या चित्राची कपार त्याला गाठायची होती. तिच्यापुढे माजलेलं गवत आत्ताच, जरा ओल आहे तोवर, हलक्या आगीने जाळलं नाही, तर पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत वणवा येणार, कातळाचे पापुद्रे सुटणार आणि मासाही जाणार. वाट ठाऊक असलेलं माणूस एकच उरलं होतं : सासूबाई. त्यांचे गुडघे पाहता पुढच्या वर्षी त्या चढतील असं वाटत नव्हतं.

निरोप्या म्हणून बायको, सरीना, सोबत होती. पहिल्याच ओढ्यात तिचा पाय मुरगळला.

"तुम्ही दोघं व्हा पुढे," ती खडकावर बसत म्हणाली.

"आणि बोलायचं कसं?"

"लग्न झाल्यापासून बोलला नाहीस, आजच काय अडलंय? आईच्या मागे मागे जा. फार जवळ नको हं!"

सासूबाई पुढे, कॉनरॅड बराच मागे, आणि सभ्यपणे मान वळवून. सभ्यता अंगाशी आली. मान सरळ केली तेव्हा समोर नुसते दगड होते. हाक मारायची सोय नव्हती. तो उजवीकडच्या घळीत शिरला, कारण ती सोपी दिसत होती.

तेवढ्यात वरून आवाज घुमला. अशा जागी शिरताना पूर्वजांना हाक देऊन कोण आलंय ते सांगावं लागतं. सासूबाई तेच करत होत्या, जरा तपशिलात.

"अहो बापजाद्यांनो! मी आलेय, तुमची डॉटी! लेकीचा नवराही आलाय! पण तो रानरेड्यासारखा भलत्याच घळीत घुसलाय! सांगा कोणीतरी त्याला, माघारी फिर, पांढऱ्या खोडापासून डावीकडे!"

कॉनरॅड फिरला.

"हां! ऐकतो तसा!"

कपारीत मासा होता, लाल-पांढरा, आतली हाडंसुद्धा दिसणारा. सासूबाई पलीकडच्या टोकाला पाठ करून बसल्या. आवाज उतरला होता.

"हा आता येत जाईल. पुढे लेकरांना आणेल. परका समजून त्याला आजारी पाडू नका. आपलाच आहे."

सासरकडून एवढी स्तुती कॉनरॅडने कधी ऐकली नव्हती. तीही मेलेल्यांना उद्देशून.

तो माशाकडे तोंड करून म्हणाला, "बापजाद्यांनो, त्यांना सांगा, वाट विसरणार नाही. गवत आत्ताच जाळतो."

"आधी वारा बघ म्हणावं त्याला," सासूबाई कातळाला म्हणाल्या.

कॉनरॅडने मूठभर धूळ सोडून वारा पाहिला आणि कपारीच्या कडेने काडी लावली. बुटकी आग गवत कुरतडत माशापासून दूर सरकू लागली.