बोकडाच्या काळजावरचा काना

"फितुराचे नाव आथेना देवीने स्वतः बळीच्या काळजावर लिहिले, त्यात सुभेदारांचा हात नाही," असे दोर्किदासाच्या जाहीरनाम्यात म्हटले आहे. दोर्किदास म्हणजे युद्ध जिंकल्यावर स्पार्टाने आमच्या डोक्यावर बसवलेला लष्करी सुभेदार. त्याचा हात नव्हता हे खरे. तळहात होता, आणि तोही भाड्याचा.

बळी दिला तेव्हा सारे गाव देवळापुढे होते. वेशीला वर्षभर स्पार्टाच्या शिपायांचे कुलूप. जाणार तरी कुठे? शकुन सांगणाऱ्या तेल्लिसने बोकडाचे गरम काळीज डाव्या तळहातावर घेतले, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटला आणि मग ते उलटे करून सर्वांना दाखवले. त्यावर काळी अक्षरे उमटली होती : दामोनिकोस. गर्दी गुडघ्यांवर आली. उठली तेव्हा तिच्या हातांत दगड होते.

होड्या बांधणारा आमचा सुतार देमोनिकोस शिपायांच्या मधे उभा होता. शिपाई परत कधी जाणार, एवढेच त्याने सभेत विचारले होते. सुभेदाराला तो केव्हाही मारता आला असता. पण तो आमच्या हातून मारवायचा होता, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारायला कुणाला तोंड उरले नसते.

मी तीस वर्षे मुलांना अक्षरे शिकवतो. चुकीचे लेखन पाहून गप्प बसण्याची मला सवय नाही. मी ते नाव जसेच्या तसे मोठ्याने वाचले. आम्ही 'देमोनिकोस' म्हणतो. तो 'दा' फक्त स्पार्टावाल्यांच्या तोंडात.

खारे मासे विकणारी फानो हातात दगड धरूनच म्हणाली, "अगंबाई, आपली देवी स्पार्टाला माहेरपणाला गेली होती की काय? बोलीच बदलून आली ती."

मागे कुणीतरी हसले. मी तेल्लिसला म्हणालो, "महाराज, डावी मूठ उघडा."

"तिच्यात देवीचा वास आहे, गुरुजी."

"मग होऊ द्या की दर्शन."

फानोने दगड टाकला आणि त्याची मूठ उघडली. तळहातावर काजळीच्या शाईने तेच नाव उलटे लिहिलेले होते; ओल्या काळजावर दाबताच ते सुलटे उमटले होते.

एकेक दगड खाली पडला. मारायला आमचे हात उरले नाहीत, तेव्हा देमोनिकोस सुभेदाराच्या उपयोगाचा राहिला नाही. देवळाच्या पायरीवरून दोर्किदासाने शिपायांना खूण केली आणि सुतार घरी गेला. वेस अजून बंदच आहे. म्हणून सांगतो : देवाच्या नावाने कुणी दगड उचलायला लावला, तर आधी अक्षर कुणाचे ते पाहा. कारण देवळाच्या पायऱ्या उतरताना दोर्किदास शांतपणे जे बोलला, ते मी शब्दशः उतरवून ठेवले आहे :

"नाव मीच लिहून दिलं होतं. चूक एवढीच झाली, आमच्या बोलीत लिहिलं. पुढच्या वेळी तुमच्या बोलीत लिहीन."